पिवळ्या पट्टीबाहेरच्या ताई

स्टुलावर बसल्या की ताई आधी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेत. थंडी असो नसो. मे महिन्यात रायपुरात माणूस पंख्याखालीही उकडून निघतो, तेव्हासुद्धा. मग समोरच्या मुलांकडे पाहून म्हणत, "हाथ मेरे छुट्टी पर हैं. अब तुम लोग बोलो."

मुलं बोलत. मोटर उलटी फिरते आहे, एक चाक मागे राहतं आहे, काळ्या रेघेवरून चालायला सांगितलं तर गाडी भिंतीकडे जाते आहे. कुणी काहीही विचारलं तरी ताईंचं उत्तर एकच असे, "तुमको क्या लगता है?"

तुमच्यापैकी कुणी शिकवण्याच्या धंद्यात असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, हा प्रश्न मुलांना मुळीच आवडत नाही. त्यांना उत्तर हवं असतं आणि घंटा वाजायच्या आत हवं असतं. पहिल्याच महिन्यात दोघं-तिघं कंटाळून गेले. त्यातला एक जाताना मला हळूच म्हणाला, "सर, मैडम को कुछ आता नहीं है, इसीलिए हमसे पूछती हैं."

मी ते ताईंना सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. मले तरी कुठं काय येते?"

त्यांना काय येत होतं ते आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळ्यांना माहीत होतं. ताईंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. एक्स्चेंजमध्ये हजारो तारांचं जंजाळ असतं, त्यातली नेमकी कुठली तार रुसली आहे हे त्या नुसत्या बघून सांगत, असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक म्हणत. वडील रेल्वेत होते, वर्धेकडून बदली होऊन इकडे आलेले. ताईंनी लग्न केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं. निवृत्तीनंतर आमच्या मागच्या गल्लीत दोन भाड्याच्या खोल्यांत राहत आणि शेजाऱ्यांचे मिक्सर, इस्त्र्या, रेडिओ दुरुस्त करून देत. त्या सगळ्यांच्याच ताई होत्या. शाळेतल्या छत्तीसगढी मुलांना तर ते त्यांचं नावच वाटे. रोबोटच्या स्पर्धेच्या फॉर्मवर 'मेंटर का नाम' या रकान्यात मुलांनी 'ताई मैडम' लिहिलं, आणि तसंच ओळखपत्र छापून आलं. ताईंनी ते गळ्यात घालून दिवसभर मिरवलं.

मी तेव्हा एका खाजगी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होतो. राजधानी झाल्यापासून आमच्या शहराला प्रत्येक गोष्टीची घाई झाली होती. रस्ते रुंद झाले, शेतांच्या जागी नवी सरकारी शहरवस्ती उभी राहू लागली, आणि शाळांच्या फाटकांवर रोबोटिक्स लॅबच्या पाट्या चढल्या. आमच्याही चढली. खोकी आली, त्यात मोटरी, चाकं, सर्किटं. आमच्यापैकी कुणालाच त्यातलं धड काही कळत नव्हतं. प्राचार्यांनी जबाबदारी माझ्यावर टाकली आणि मी ती ताईंवर. मुलांच्या संघाला बाहेरचा एखादा जाणकार मोठा माणूस सोबत घेता येतो, असं नियमात होतं.

ताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "येईन. पण बनवून देणार नाही. बनवणारी बाई पाहिजे असंन तर दुसरी पाहा."

हे त्यांनी शब्दशः पाळलं. एकदा त्या यायच्या आधी मी एका चाकाचा ढिला स्क्रू सहज म्हणून आवळून टाकला. ताईंनी आल्या आल्या विचारलं, "हे कोण केलं, सर?" मी कबूल केलं. त्यांनी मला तो स्क्रू पुन्हा ढिला करायला लावला. मुलांना तो सापडायला तीन दिवस लागले. ज्या दिवशी सापडला त्या दिवशी प्रयोगशाळेत जो आरडाओरडा झाला तो ऐकून प्राचार्य धावत आले. त्यांना वाटलं, कुणाला शॉक लागला.

तारिणी नववीत असताना आली. गुढियारीची मुलगी, वडील मालधक्क्यावर हमाली करत. उंच, हाडकुळी, आणि बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी तिने काहीतरी विचारलं. ताईंनी नेहमीचा प्रश्न परत केला. तारिणी म्हणाली, "मुझे कुछ लगता तो आपसे पूछती क्यों?"

ताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि मला मराठीत म्हणाल्या, "हे पोट्टी टिकते, सर."

टिकली. शाळा सुटल्यावर सगळी मुलं घरी जात, ही आणखी तासभर बसे. डाग द्यायला, म्हणजे तारांचं सोल्डरिंग करायला, तिला ताईंनी शिकवलं तेही हात न लावता, नुसतं बोलून. "लोहे को मत जलाओ, जोड़ को गरम करो. अब देखो, चमक आई? आई तो पक्का." तारिणीच्या बोटांवर बारीक भाजल्याचे डाग असत. ताईंच्या बोटांवरही तसेच जुने डाग होते. एकदा दोघी हात शेजारी शेजारी ठेवून ते मोजत बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

पहिल्या वर्षी स्पर्धेत आमची गाडी सुरू झाली ती थेट टेबलावरून खाली पडली. दुसऱ्या वर्षी चौथा नंबर आला. तोपर्यंत आम्हाला इतर संघ ओळखीचे झाले होते. प्रत्येक संघामागे एक मोठा माणूस असे. कुणी कोचिंग क्लासचा, कुणी कुठल्या मुलाचा इंजिनिअर बाप. मुलांच्या कामाच्या टेबलांभोवती जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली असे. मोठ्यांनी तिच्या आत यायचं नाही, यंत्राला हात लावायचा नाही, बाहेरून बोलायला हरकत नाही, असा नियम. प्रत्यक्षात निम्मे मोठे लोक टेबलाखाली आडवे झालेले असत आणि मुलं त्यांना पेचकस देत. ताई पट्टीच्या बाहेर उभ्या राहून हे बघत. म्हणत, "पाहा ना सर, पोट्टे टॉर्च धरून राहिले अन् बापलोक खेळून राहिले."

मी हसत असे. पण चौथ्या नंबराला ट्रॉफी नसते, आणि प्राचार्यांच्या केबिनमधलं काचेचं कपाट अजून रिकामं होतं, हेही माझ्या मनात असे.

तिसरं वर्ष तारिणीचं शेवटचं. अकरावीत होती. पुढच्या वर्षी बोर्डाची परीक्षा, तेव्हा शाळा बारावीच्या मुलांना स्पर्धेला पाठवत नसे. त्या वर्षीची गाडी खरोखर चांगली झाली होती. रेघेवरून जायची, वळायची, लाकडी ठोकळा उचलायची आणि खुणेच्या चौकोनात आणून ठेवायची. तारिणीने वडिलांना येण्याचं कबूल करून घेतलं होतं. ते आले. धुतलेला सदरा घालून, नव्या राजधानीतल्या त्या भल्यामोठ्या सभागृहात मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी बसले नाहीत.

सकाळच्या फेरीत आम्ही पहिले आलो. दुपारी अंतिम फेरी. त्याआधी वीस मिनिटं तयारीला मिळाली, आणि त्या वीस मिनिटांत गाडी बिघडली. सरळ नीट जायची, डावीकडे वळली की मरायची. उचलून टेबलावर ठेवली की पुन्हा दिवे लागायचे.

मी आणि ताई पट्टीच्या बाहेर, चार पावलांवर. तारिणीने आधी प्रोग्राम पाहिला. मग चाकं. मग मोटरी. तिच्या बरोबरची दोन मुलं रडकुंडीला आली होती, ती मात्र एकेक गोष्ट तपासत होती. मधूनच ती मान वर करून ताईंकडे बघे. ताई हात पदरात घेऊन उभ्या. चेहरा कोरा.

"ताई, काय झालं असेल?" मी विचारलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच.

दहा मिनिटं उरली, पाच उरली. शेजारच्या संघाचा माणूस बाहेरून मोठमोठ्याने सूचना देत होता आणि त्याची मुलं तसतसं करत होती. मला कळत असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. मला कळत नव्हतं.

घंटा झाली. आमची गाडी मैदानावर गेली, सरळ गेली, पहिल्याच डाव्या वळणावर थांबली, आणि थांबली ती थांबलीच. पंचांनी वेळ संपेपर्यंत वाट पाहिली. तीन मिनिटं. तारिणी हात खाली सोडून गाडीकडे बघत उभी होती.

बाहेर आल्यावर एका मुलानेच शोधून काढलं. बॅटरीकडून येणारी लाल तार तिच्या स्क्रूखाली पक्की दाबलेली नव्हती. गाडी वळली की ओढ बसून निसटायची, उचलली की पुन्हा टेकायची. पेचकसाचे दोन वेढे. तेवढंच काम होतं.

तारिणी ताईंसमोर येऊन उभी राहिली. "आपको दिख रहा था?"

खोटं बोलणं ताईंना जमलं असतं तर तो क्षण निभला असता. म्हणाल्या, "हव. दिख रहा था."

"तो बताया क्यों नहीं? बोलना तो मना नहीं था."

तारिणीचे वडील मागे येऊन उभे होते. त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, आम्हा दोघांना नमस्कार केला आणि तिला घेऊन गेले. आमच्या शाळेच्या गाडीत ती बसली नाही.

त्यानंतर ती प्रयोगशाळेत आली नाही. वर्गात माझ्या तासाला बसे, विचारलं तेवढं सांगे. ताई दोनदा गुढियारीला तिच्या घरी जाऊन आल्या. पहिल्या वेळी आईने चहा दिला आणि सांगितलं, पोरगी बाहेर गेली आहे. दुसऱ्या वेळीही चहा दिला. "आत होती," ताई मला म्हणाल्या. "तिच्या चपला दाराशीच होत्या."

प्राचार्यांपर्यंत गोष्ट गेलीच होती. दोन पालक येऊन भेटले. ज्या बाईला बिघाड दिसतो आणि जी मुलांना सांगत नाही, ती कशाला हवी, असं त्यांचं म्हणणं. प्राचार्यांनी शहरातल्या एका क्लासचा तरुण प्रशिक्षक नेमला आणि ताईंना आभाराचं पत्र द्यायचं ठरवलं. ते पत्र मी लिहिलं. 'आपके अमूल्य सहयोग के लिए विद्यालय सदैव आपका ऋणी रहेगा' वगैरे. हिंदीत असली वाक्यं फार सहज लिहिता येतात. खाली सही प्राचार्यांची.

ते द्यायलाही मीच गेलो. ताईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "हे तुम्ही लिहिलं काय, सर?"

मी हो म्हटलं.

"चांगलं लिहिलं," त्या म्हणाल्या.

मग त्या उठून आत गेल्या, माझ्यासाठी पोहे केले. मी नको म्हणत होतो तरी. बशी माझ्यापुढे ठेवून समोर बसल्या आणि खिडकीकडे बघत बोलू लागल्या.

"तुम्हाले वाटत असंन, म्हातारीनं नियमापायी पोरीचं वाटोळं केलं. नियम-बियम काही नव्हतं, सर, तेव्हा माझ्या डोक्यात. ते सापडवणारच होती. तिची नजर त्या तारेवर आली होती. एकदा नाही, दोनदा. मले वाटलं, आता हात घालते. आता घालते. म्हटलं, अजून एक मिनिट. मी बोलली असती तर ते माझं झालं असतं. तिचं होऊ द्या म्हटलं, जन्मभर पुरंन तिले. एक मिनिट, एक मिनिट करता करता घंटाच झाली."

पोहे गार होत होते.

"मी बोलायले पाहिजे होतं काय, सर?"

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता, मला माहीत नाही. मी बरंच काही म्हणू शकलो असतो. तीन वर्षं मी त्या बाईंना बघत होतो. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं वर्गात कशी वेगळे प्रश्न विचारतात ते मला ठाऊक होतं. पण त्या पराभवाचा रागही माझ्या मनात होता, आणि ते पत्र लिहिल्याची लाजही. दोन्ही मिळून मी म्हणालो, "नियमात बोलायला तर बंदी नव्हती, ताई."

"हव," ताई म्हणाल्या. "तेही खरं आहे."

पुढच्या वर्षी आमच्या शाळेला दुसरा नंबर मिळाला. प्रशिक्षक मुलगा वाईट नव्हता. हसतमुख होता, मुलांना आवडायचा. गाडी त्याने बनवली. मुलांनी तिला रंग दिला, झेंडा लावला. पेपरात फोटो आला. कपाटात ट्रॉफी आली. कुणाचंही काही बिघडलं नाही. ताई रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "फोटो पाहिला. चांगलं झालं. पोट्टे खूश दिसून राहिले."

त्या मात्र बदलल्या. बायकोने एकदा मिक्सर पाठवला तर ताईंनी तो उघडलाही नाही. "दुकानात दाखवा," म्हणाल्या. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. मग शेजारच्या दुसऱ्या घरातूनही तेच ऐकलं. ज्या बाईंच्या ओसरीवर कायम कुणाचा तरी उघडा रेडिओ असे, तिथे आता नुसत्या त्या बसलेल्या दिसत. मी जाता-येता हात करत असे. थांबत नसे. परीक्षा, पेपर तपासणं, कारणं काय कमी असतात?

दोनेक वर्षांनी त्यांचा भाचा त्यांना गोंदियाला घेऊन गेला. त्या दिवशी माझी सुपरव्हिजन होती, म्हणून स्टेशनवर गेलो नाही. त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. भाच्याने फोन केला. झोपेतच गेल्या म्हणाला, काही त्रास झाला नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी गोल बाजारात कुकरचं रबर घ्यायला गेलो होतो. भांड्यांच्या गल्लीत कुणीतरी मागून "सर" म्हणून हाक मारली. वळून पाहिलं तर तारिणी. अंगाने भरली होती, केस कापलेले, नखांत काळं ग्रीस. भनपुरीला बॅटरीवरच्या रिक्षा दुरुस्त करायच्या एका गॅरेजमध्ये काम करत होती. डिप्लोमा अर्धा सोडावा लागला, वडिलांची कंबर गेली, असं तिने दोन वाक्यांत सांगितलं. वायरिंगचं सगळं काम तिच्याकडेच येतं, हे सांगताना मात्र जरा ताठ झाली.

मग म्हणाली, "ताई मैडम वहीं रहती हैं न, आपके पीछे? कई बार सोचा, जाऊँ. हिम्मत नहीं हुई."

मी तिला सांगितलं.

आजूबाजूला पितळी भांड्यांची आदळआपट चालू होती, एक बाई पातेल्याच्या भावावरून घासाघीस करत होती. तारिणी रस्त्याच्या कडेला सरकली. मीही सरकलो.

"मुझे उनसे एक बात पूछनी थी," ती म्हणाली. "वही. कि बोलीं क्यों नहीं."

तेव्हा मी तिला ती दुपार सांगितली. ताई जे बोलल्या होत्या ते, जसं आठवत होतं तसं. तिची नजर दोनदा तारेवर आली होती, ते ताईंनी पाहिलं होतं. आता हात घालेल, आता घालेल, म्हणून त्या थांबल्या होत्या. मला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. इतक्या वर्षांनी का होईना, मी एक निरोप पोचवला, असंही मनात येऊन गेलं.

तारिणी खाली बघत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "हाँ सर. दो बार देखा था मैंने वो तार. मुझे शक हुआ था."

"मग?"

"फिर मैंने मैडम की तरफ देखा. वो चुप थीं. मैंने सोचा, उनकी आँख से तो कुछ छूटता नहीं. तार ढीला होता तो मैडम बोल देतीं. तो मैंने मान लिया कि तार ठीक है, और आगे बढ़ गई."

तिने मान वर केली.

"उनको ये पता था, सर?"

"नाही," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो, पण तिला कळलं.

तिने ओढणीने चेहरा पुसला, दुसऱ्या खांद्यावर पिशवी घेतली आणि म्हणाली, गॅरेजमध्ये गिऱ्हाईक थांबलं असेल. वाकून माझ्या पायांना हात लावायला लागली तेव्हा मी तिला अडवलं. त्या नमस्कारावर माझा काही हक्क नव्हता. गर्दीतून ती चौकाकडे गेली.

घरी परतताना मी मुद्दाम मागच्या गल्लीने आलो. ताईंच्या खोल्यांत नवे भाडेकरू आले आहेत. दाराला नवा रंग दिलाय, ओसरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. आतून एक तरुण बाई आली आणि मला तिथे उभा पाहून तिने विचारलं, "किसको देख रहे हैं, भैया?"

"कोई नहीं," मी म्हणालो, आणि चालू लागलो.